मदत हवी आहे : स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकावं कसं, आणि मैत्रिणीच्या गाण्यावर बोलावं कसं?

आम्ही चौघी कोथरूड-कर्वेनगरच्या, एकाच गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या. क्लास आठवड्यातून एकदा, तासाला सात-आठ जणी. बाई जीव तोडून शिकवतात, पण प्रत्येकीच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार? मधल्या दिवसांत रियाज होतोय की चुका घोटल्या जातायत, तेच कळत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर गट केला. जमेल तसे भूप, यमन या रागांचे आलाप टाकायचे, बाकीच्यांनी ऐकून सांगायचं.

तर सांगत कुणीच काही नाही! "वा गं", "मस्तच", नाहीतर जोडलेले हात. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात चहा पिता पिता मोठमोठ्यांच्या गंधारावर (म्हणजे ‘ग’वर) निकाल देणाऱ्या याच बायका. एकजण तेवढी बोलते, पण तिचं "अजून मोकळं गा" म्हणजे मी नेमकं करायचं काय?

स्वतःचं ऐकावं, तर ऐकवत नाही. गाताना भरदार वाटणारा आवाज फोनमध्ये पातळ, चिरका येतो. खरा कुठला? सूर ऐकायला गेले की लयीकडे लक्ष राहत नाही, लय धरली की सूर निसटतो.

त्यात एकीने गिटार जुळवायचं ॲप आणलं. ते आम्हा चौघींचा गंधार उतरलेला दाखवतं. तानपुऱ्यात मात्र तोच गंधार छान मिसळतो.

शेवटचं, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, माझा गळा आवळतो. एक म्हणते जोर लाव, दुसरी म्हणते जोर काढ. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी माझा सा. तानपुरा दुसऱ्या फोनवरच्या ॲपचा.

("बाईंना विचारा" हे ठाऊक आहे. विचारतेच आहे.)

प्रतिसाद १

ॲपच्या भरवशावर निकाल लावू नका, गंधार तुमचाच बरोबर असणार. सप्तकाचे १२०० बारीक भाग, म्हणजे सेंट, धरले, तर ते ॲप पेटीसारखे बारा सारखे भाग पाडतं आणि शुद्ध गंधार ४०० वर शोधतं. तानपुऱ्याच्या खर्जातून (सर्वांत खालच्या सा च्या तारेतून) जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जाच्या सव्वापट, म्हणजे सुमारे ३८६ वर. तानपुऱ्यात विरघळलेला गंधार ॲपला १४ सेंट उतरलेला दिसणारच. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा. म्हणून ॲप सा आणि प यांच्यापुरतं वापरा, बाकी कान आणि तानपुरा. आणि एक, पेटीवर बोट ठेवून मैत्रिणीचा गंधार तपासू नका, तिथेही हाच घोळ आहे.

आवाजाचं म्हणाल तर, गाताना आपल्याला तो कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यात खालचे सूर जास्त पोचतात. बाहेरच्यांना तेवढं भरदार कधीच ऐकू येत नाही. पण फोनही साधू नाही. रेकॉर्डिंगमध्ये गोंगाट कमी करायची सोय चालू असेल तर ती बंद करा. ती सलग वाजणाऱ्या तानपुऱ्यालाच गोंगाट समजते आणि मग सूर पडताळायला काही उरत नाही. व्हॉइस नोटऐवजी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आवाज कमी दाबला जातो.

प्रतिसाद २

मुलींनो, "कसं वाटलं?" विचाराल तर "छान"च ऐकायला मिळेल. पाठवणारीनेच आधी विचारावं, "पंचमावरून गंधारावर येताना मींड (सलग घसरत येणं) तुटते का?" ऐकणारीने तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, जागा दाखवून. "सूर हलतोय" असं मोघम नको, "दुसऱ्या आवर्तनात, श्वास संपत आल्यावर रिषभ खाली आला" असं. शब्द सापडत नसतील तर मैत्रिणीने जसं गायलं तसं गाऊन दाखवा. गुरूही बहुतेक वेळा हेच करतात, आणि नक्कल करायला गेलं की ऐकणारीचाही कान उघडतो.

स्वतःचं गायल्या गायल्या ऐकू नका. तेव्हा कानात अजून आतलाच आवाज असतो. दुसऱ्या दिवशी ऐका, आणि एका वेळी एकच गोष्ट. आज फक्त श्वास कुठे घेतला ते, उद्या फक्त सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा.

तार षड्जावर मात्र मैत्रिणींचं मत घेऊ नकोस बाई. त्यांना आवाज ऐकू येतो, गळ्यात काय चाललंय ते नाही. काळी तीनवर तोच आलाप घेऊन बघ. तिथे मोकळा लागला तर आधी पट्टीचा विचार कर. तिथेही आवळला तर बाजूने व्हिडिओ काढ. हनुवटी वर आणि मान पुढे जात असेल तर तो व्हिडिओच बाईंना दाखव. घसा दुखत असेल तर ताणू नकोस, आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाचे डॉक्टर.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. गंधाराचं वाचून गटात जल्लोष झाला. आता भूपातल्या धैवताचं काय? तानपुरा प-सा लावलेला, त्यात धैवत काही सापडत नाही.

प्रतिसाद १

ॲपला तोही १६ सेंट उतरलेला दिसेल. पडताळायचा तर गंधारावरून. गंधाराला सा मानलं की धैवत त्याचा शुद्ध मध्यम होतो. आधी सा-म गाऊन ते अंतर कानात पक्कं करा, मग ग-ध म्हणा.