मदत हवी आहे: दादाच्या ब्रेन ट्यूमरच्या रिपोर्टमध्ये आयडीएच निगेटिव्ह आलंय, म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी, माझा मोठा भाऊ, वय ४२, तीन आठवड्यांपूर्वी ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन झालं. त्याआधी महिनाभर त्याला साधे शब्द आठवत नव्हते, पाण्याचा ग्लास समोर असायचा आणि हा नुसता बोट दाखवून "ते... ते दे" म्हणायचा, आम्हाला वाटलं कामाचा ताण असेल, मग एक दिवस फिट आली. डाव्या टेम्पोरल लोबमधली गाठ बरीचशी काढलीये, बोलण्याच्या भागाला चिकटलेली थोडी ठेवली.

काल बायोप्सीचा रिपोर्ट आला. ग्रेड ३ ग्लिओमा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ, ग्रेड ४ सर्वात वाईट), खाली आयडीएच१ आर१३२एच (आयडीएच जीनमधला एक ठराविक बदल) निगेटिव्ह, एटीआरएक्स रिटेन्ड (म्हणजे या जीनचं प्रोटीन शाबूत), एमजीएमटी (आणखी एका जीनची टेस्ट) पेंडिंग. रात्रभर वाचत बसलो तेव्हा कळलं की आयडीएच जीन बदललेला असेल तर गाठ हळू वाढते आणि बरीच वर्षं मिळू शकतात, नसेल तर बहुतेकदा ती ग्लिओब्लास्टोमासारखी, म्हणजे फार वेगाने वाढणाऱ्या मेंदूच्या गाठीसारखी, वागते. म्हणजे इथे निगेटिव्ह ही चांगली बातमी नाही. वहिनीने तो शब्द वाचला आणि देवाला हात जोडले, आणि मी तिला अजून काहीच बोललो नाहीये.

जाणकारांनी प्लीज सांगा, हे निगेटिव्ह पक्कं धरायचं का? आणि एमजीएमटी येईपर्यंत रेडिएशन थांबवायचं का?

प्रतिसाद १
मी पॅथॉलॉजीत काम करते. तुमच्या रिपोर्टमधली टेस्ट ही स्टेनिंगची आहे (गाठीचा काप रंगवून बघतात), तो स्टेन फक्त आर१३२एच हा एकच बदल पकडतो. ग्लिओमातले साधारण ९० टक्के आयडीएच बदल तोच असतात हे खरं, पण उरलेले, आयडीएच२ (जोडीचा दुसरा जीन) धरून, त्यात दिसतच नाहीत. म्हणूनच ५५ च्या आतल्या पेशंटमध्ये स्टेन निगेटिव्ह आला तरी सिक्वेन्सिंग (जीनची रचना थेट वाचणारी टेस्ट) करायला सांगतात. पुन्हा ऑपरेशन लागत नाही, पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) जपून ठेवलेला असतो त्यातूनच होतं. आयडीएच सापडला तर १पी/१९क्यू (क्रोमोसोम १ आणि १९ चे ठराविक भाग) नक्की बघायला सांगा, दोन्ही गेलेले असतील तर ती ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, रेडिएशन-किमोला चांगला रिस्पॉन्स देणारी. नाहीच सापडला तर टर्ट जीनच्या प्रमोटरमधला बदल, ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफिकेशन (ईजीएफआर जीनच्या जादा प्रती) आणि क्रोमोसोम ७ व १० बघावे लागतील, कारण डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणात यातलं एक जरी मिळालं (७ वाढलेला आणि १० गेलेला हे मिळून एक) तरी मायक्रोस्कोपखाली ग्रेड ३ दिसणारी अशी गाठ ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४ धरतात. तेव्हा आत्ताच कुठलंच नाव पक्कं करू नका.

प्रतिसाद २
माझ्या नवऱ्याला ग्लिओब्लास्टोमा होता, एमजीएमटी मिथायलेटेड. आम्हाला डॉक्टरांनी असं समजावलं होतं की टेमोझोलोमाइड (किमोचं औषध) गाठीच्या डीएनएला इजा करतं आणि एमजीएमटी ती इजा दुरुस्त करतं, मिथायलेशनने (जीनवर बसणाऱ्या रासायनिक खुणेने) तो जीन बंद पडला की दुरुस्ती होत नाही आणि औषध जास्त लागू पडतं. २००५ च्या ट्रायलमध्ये रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड दोन्ही घेतलेल्या मिथायलेटेड पेशंटपैकी ४६ टक्के दोन वर्षांनी हयात होते, पण अनमिथायलेटेड आलं म्हणून या वयात औषध सहसा बंद करत नाहीत. आमचं रेडिएशन रिपोर्टसाठी थांबवलं नव्हतं, तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा. आणि रेडिएशननंतर पहिल्या तीन महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली तर लगेच हाय खाऊ नका, मिथायलेटेड असेल तर ती खोटी वाढ असण्याची शक्यता जास्त असते, आमच्या घरी त्या एका स्कॅनने आठवडाभर कोणी जेवलं नव्हतं.

धागाकर्ता
ताई, दोघींचेही खूप आभार. सकाळी डॉक्टरांना भेटलो, सिक्वेन्सिंगसाठी ब्लॉक पाठवताहेत आणि रेडिएशन सोमवारीच सुरू करणार, त्यासाठी थांबायचं नाही म्हणाले. वहिनीला आज संध्याकाळी रिपोर्ट समोर ठेवून सगळं सांगणार आहे. पेशंटच्या बायकोला हे कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी, ते कोणी सांगू शकेल का?