पीएलसीच्या प्रोग्रामला ऑटोमेटेड टेस्ट : गरज की हौस?

स्कॅनसायकल
पीएलसी (यंत्र चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) प्रोग्रामचं टेस्टिंग अजूनही बहुतेक ठिकाणी एफएटीच्या (माल पाठवण्याआधी कारखान्यात होणाऱ्या चाचणीच्या) एक्सेल शीटवर चालतं. इनपुट फोर्स करायचा (हाताने जबरदस्तीने चालू-बंद करायचा), आउटपुटचा एलईडी लागला की 'ओके' लिहायचं, पुढची ओळ. मग एक इंटरलॉक (अट पुरी झाल्याशिवाय यंत्र चालू न देणारी सोय) बदलतो आणि शीट पुन्हा पहिल्यापासून कोणी करत नाही. बदललेली ओळ तेवढी तपासली जाते आणि बिघाड दुसरीकडे निघतो.

माझं म्हणणं असं, की लायब्ररीतल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या, प्रत्येक ब्लॉकला टेस्ट हवीच. व्हॉल्व्हचा ब्लॉक घ्या. किमान या गोष्टी तपासा: ओपन कमांडनंतर ५ सेकंदांत लिमिट स्विच (व्हॉल्व्ह टोकाला पोचल्याचा सिग्नल) आला नाही तर फॉल्ट येऊन आउटपुट सुटतो का, दोन्ही लिमिट स्विच एकदम आले तर काय, उघडा असताना फीडबॅक गेला तर काय. आणि सगळ्यात जास्त चुकणारी केस म्हणजे कमांड चालू असतानाच फॉल्ट रिसेट केला तर व्हॉल्व्ह आपोआप उघडतो का. उघडता कामा नये, नवीन कमांडची चढती कडा (बंदवरून चालू होणं) लागली पाहिजे. ट्विनकॅट ३ या पीएलसी सॉफ्टवेअरवर टीसीयुनिट हे टेस्टचं साधन फुकट आहे आणि निकाल जेयुनिटच्या एक्सएमएलमध्ये मिळतो, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्सला थेट जोडता येतो. कोडेसिस या पीएलसी सॉफ्टवेअरचा टेस्ट मॅनेजर आहे, सीमेन्सवाल्यांना पीएलसीसिम ॲडव्हान्स्ड हा सिम्युलेटर आहे. साधनं नाहीत ही सबब आता चालत नाही.

रिले_पॅनेल
असहमत. साइटवर वेळ खातो तो फील्ड. सोलेनॉइडची वायर भलत्या टर्मिनलवर, प्रॉक्सिमिटी सेन्सर कडेवर थरथरतोय, व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकलाय. यातलं एकही टीसीयुनिटला दिसत नाही. दुसरं, चाकणमधल्या एखाद्या एसपीएमचा (एकाच खास कामासाठी बनवलेल्या मशीनचा) प्रोग्राम एकदाच लिहिला जातो. लायब्ररी कसली? ग्राहक टेस्ट कोडचे पैसे देत नाही, आणि रात्रपाळीचा मेंटेनन्सवाला ऑनलाइन एडिट (चालू कंट्रोलरमध्येच प्रोग्रामात बदल) करून मोकळा होतो. त्या क्षणी तुमच्या सगळ्या टेस्ट शिळ्या.

मिलीअँपिअर
एसपीएम एकदाच होतं, पण ॲनालॉग स्केलिंग (सेन्सरच्या सिग्नलचं खऱ्या मापात रूपांतर) प्रत्येक एसपीएममध्ये असतं आणि लोक ते दर वेळी नव्याने चुकवतात. सीमेन्समध्ये ४ ते २० मिलीअँपिअर म्हणजे ० ते २७६४८. टेस्टला फक्त ०, १३८२४ आणि २७६४८ देऊन भागत नाही. नामूर एनई ४३ या सेन्सर सिग्नलच्या शिफारशीप्रमाणे ३.६ मिलीअँपिअरच्या खाली आणि २१ च्या वर सेन्सर बिघडलाय असं धरायचं. कच्च्या आकड्यात ते साधारण उणे ६९१ आणि २९३७६. या दोन्ही कडांच्या अलीकडे-पलीकडे एकेक आकडा द्या. उणे आकडा वर्डमध्ये (उणे चिन्ह नसलेल्या १६ बिटी प्रकारात) घेतला असेल तर तो ६४८४५ दिसतो आणि रिकामी टाकी भरलेली समजून पंप चालू होतो. फोर्स करून हे कोणी बघत नाही, कारण शीटवर ती ओळच नसते.

रियल (दशांश) आकडे ताडताना डेल्टा (चालेल इतका फरक) द्यायला विसरू नका. नाहीतर ५०.० आणि ४९.९९९९९ वरून टेस्ट लाल होत राहते आणि चार दिवसांत लोक लाल रंगाकडे बघणंच सोडतात.

रिले_पॅनेल
स्केलिंगचं मान्य. पण टायमरचं काय? ५ सेकंदांचा टाइमआउट तपासायला ५ सेकंद थांबायचं. अशा ४० केसेस एकामागून एक म्हणजे २०० सेकंद नुसती वाट बघण्यात. शिवाय प्रोग्राम लिहिणाराच टेस्ट लिहिणार. त्याने प्रोसेस चुकीची समजून घेतली असेल तर तीच चूक टेस्टमध्ये हिरवी होऊन बसते. एरियन ५ रॉकेट आठवा. ४ जून १९९६. कोड एरियन ४ वर व्यवस्थित चाललेला. ६४ बिटी आकडा १६ बिटांत मावला नाही आणि रॉकेट गेलं.

स्कॅनसायकल
एरियनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एरियन ५ च्या खऱ्या मार्गाचे आकडे त्या यंत्रणेला जमिनीवर देऊन बघितलेच नव्हते, हेच चौकशीत निघालं. इनपुट जुने ठेवले तर टेस्ट असून नसल्यासारखी.

टायमरला उपाय आहे. ब्लॉकच्या आत सिस्टिमचं घड्याळ वाचू नका, 'आत्ताची वेळ' इनपुट म्हणून बाहेरून द्या. मग ५ सेकंद एका स्कॅनमध्ये (प्रोग्रामच्या एका फेरीत) संपतात. याचा आणखी एक फायदा: कोडेसिसमध्ये टाइम हा ३२ बिटी मिलीसेकंदांचा आकडा, ४९ दिवस १७ तास २ मिनिटं ४७ सेकंदांनी तो शून्यावर येतो. 'आत्ता > सुरुवात + ५ सेकंद' असं लिहिलं असेल आणि सुरुवात त्या शेवटच्या मिनिटाच्या ४५ व्या सेकंदाला झाली, तर बेरीज गुंडाळून २.७ सेकंदांवर येते आणि टाइमआउट तत्क्षणी लागतो. 'आत्ता − सुरुवात >= ५ सेकंद' लिहिलं की प्रश्न मिटतो. दोन दिवसांच्या एफएटीत ही चूक सापडणं शक्य नाही.

अनेक स्कॅन चालणारी टेस्ट लिहिताना मेथडमधले व्हेरिएबल व्हार-इन्स्टमध्ये (कॉलमागून कॉल किंमत टिकवणाऱ्या भागात) ठेवा. साध्या व्हारमधले प्रत्येक कॉलला पुसले जातात आणि टेस्ट कधी संपतच नाही.

सेफ्टी_रिले
सेफ्टीचा प्रोग्राम मात्र या वादात ओढू नका. सिम्युलेशनमध्ये शंभर टेस्ट हिरव्या असल्या तरी इमर्जन्सी स्टॉप हाताने दाबून, त्याच्या दोन सर्किटांपैकी एक चॅनल काढून, दोन चॅनलमध्ये शॉर्ट करून बघावंच लागतं. प्रोग्राम बदलला की एफ-सिग्नेचर (सेफ्टी प्रोग्रामची ओळख सांगणारा कोड) बदलते, ती रिपोर्टवर नोंदवा.

टॅगलिस्ट
एचएमआयच्या (ऑपरेटरच्या) स्क्रीनवर माउस फिरवणारी टूल्स घेण्याआधी दोनदा विचार करा. रिझोल्युशन बदललं किंवा बटण १० पिक्सेल सरकलं की टेस्ट पडते आणि प्रोग्राममध्ये चूक काहीच नसते. ओपीसी यूए (कंट्रोलरशी बोलण्याचा प्रोटोकॉल) वरून टॅग (प्रोग्राममधली व्हेरिएबल) लिहा आणि वाचा. स्क्रीनवर बटणाला बरोबर टॅग जोडलाय का, एवढंच डोळ्यांनी तपासा.

पीएलसीसिम ॲडव्हान्स्डचं घड्याळ वेगात पळवणाऱ्यांनाही एक सूचना. संगणकाला झेपेना झालं की सायकल टाइमची मर्यादा ओलांडली जाते, आणि जी टेस्ट सकाळी पास ती दुपारी फेल. वेग कमी ठेवा.

रिले_पॅनेल
व्हॉल्व्ह, मोटर आणि स्केलिंग एवढ्यांच्या टेस्ट मी मानतो. सीक्वेन्सच्या (पायरीपायरीने चालणाऱ्या प्रोग्रामच्या) नाही, ते पाणी भरूनच तपासायचं. पण ऑनलाइन एडिटचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

स्कॅनसायकल
रोज रात्री कंट्रोलरमधला प्रोग्राम गिटमधल्या (प्रोग्रामच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातल्या) प्रतीशी ताडायचा. फरक दिसला की सकाळी कोणीतरी तो बदल एकतर प्रतीत घ्यायचा नाहीतर कंट्रोलरमधून काढायचा, आणि प्रतीत घेतला तर टेस्ट चालवूनच. ऑक्टोप्लांटसारखी (आधीचं व्हर्जनडॉग) तयार साधनं ताडण्याचं काम करतात.

रिले_पॅनेल
हे 'कोणीतरी' एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कोणत्या ओळीत लिहायचं आणि त्याचे तास कोणाच्या नावावर टाकायचे, तेही सांगा.