नवशिक्यानं रॅमचे टायमिंग टाइट करावेत, की एक्सएमपी लावून गप्प बसावं?

उद्यमबाग_बेंच
बेळगाव, निपाणी, खानापूरकडं नव्यानं मशीन जुळवणारी पोरं हमखास विचारतात: डीडीआर4 3200 ची रॅम घेतली, एक्सएमपी (बायोसमधला कंपनीनं ठरवून दिलेला तयार वेग) लावलं, आता टायमिंग टाइट करू का, म्हणजे रॅमच्या प्रत्येक कामातले थांबायचे ठोके कमी करू का? माझं मत, जरूर करा. फक्त बहुतेक जण नको त्या आकड्याला हात घालतात.

सगळे सीएल, म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम घेते ते ठोके, 16 चे 14 करायला धावतात. हिशोब करून बघा की. 3200 च्या रॅमचं खरं घड्याळ 1600 मेगाहर्ट्झचं, म्हणजे एक ठोका 0.625 नॅनोसेकंदाचा. दोन ठोके वाचले की 1.25 नॅनोसेकंद वाचले. प्रोसेसरनं मागितलेला डेटा रॅममधून हातात पडायला एकूण 70 नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. त्यात ही बचत दोन टक्केसुद्धा नाही, आणि तेवढ्यासाठी बहुतेक स्टिकांना व्होल्टेज वाढवून द्यावं लागतं.

खरी मोकळीक टीआरएफसीत, म्हणजे रिफ्रेशला दिलेल्या वेळेत, आहे. रॅमचा प्रत्येक सेल हे गळकं भांडं. ते पुन्हा भरायला कंट्रोलर दर 7.8 मायक्रोसेकंदाला रिफ्रेशचा हुकूम सोडतो, आणि ते चालू असेपर्यंत त्या रँकला (एकत्र काम करणाऱ्या चिपांच्या गटाला) दुसरं काम करता येत नाही. 8 गिगाबिटच्या चिपला मानकानं यासाठी 350 नॅनोसेकंद दिलेत, 3200 वर 560 ठोके. म्हणजे शंभरातला साडेचार टक्के वेळ दुकान बंद. चिपनं साथ दिली आणि 416 ठोक्यांवर, म्हणजे 260 नॅनोसेकंदांवर आलात, की तेच साडेतीनच्या आत येतं. व्होल्टेजला हातही न लावता.

शहापूर_डीटीपी
हिशोब बरोबर आहे, सल्ला पटला नाही. तुम्ही फक्त वेग मोजलात, चूक झाली तर काय होतं ते मोजलं नाही.

जास्त टाइट केलेली रॅम दर वेळी निळा स्क्रीन दाखवून सांगत नाही. बऱ्याचदा एकच बिट उलटतो आणि मशीन चालूच राहतं. युनिकोडमध्ये 'ख' 0916 आहे आणि 'ग' 0917, फरक शेवटच्या एका बिटाचा. 'खोत'चं 'गोत' व्हायला तेवढं पुरतं. इंग्रजी आकड्यांत 5 आणि 7 मध्येही एकाच बिटाचा फरक. लग्नपत्रिकेतली 5 तारीख 7 झाली, किंवा बिलाच्या मजकुरात 500 चे 700 झाले, तर विंडोज तोंडातून शब्द काढणार नाही. वर ती चुकीची फाईल सेव्ह होते आणि बॅकअपमध्येही तीच जाते. साध्या रॅममध्ये ईसीसी (उलटलेला बिट पकडायची सोय) नसतं. डीडीआर5 मध्ये असतं ते चिपच्या आतलं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ते पकडत नाही.

आणि मिळणार काय? कोरल, टॅली, ब्राउझर यांत टाइट टायमिंगचा फरक डोळ्याला दिसतच नाही. ज्या मशीनवर गिऱ्हाइकाचं काम होतं, त्यावर हा प्रयोग नको.

निपाणी_5600जी
डीटीपीचं मशीन आणि गेमिंगचं मशीन एका तागडीत घालू नका. 5600जी सारख्या प्रोसेसरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. तिथं रॅमचा वेग फ्रेममध्ये दिसतो.

मात्र आधी पाया बघा. एकच 16 जीबीची स्टिक असेल तर टायमिंगचं नाव काढू नका, 8-8 च्या दोन घ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. मग टास्क मॅनेजरमध्ये स्पीड बघा. 2133 किंवा 2666 दिसला तर एक्सएमपी लागलेलंच नाही. आधी ते लावा.

टीआरएफसीनंतर टीआरआरडी-एस, टीआरआरडी-एल आणि टीएफएडब्ल्यू हे त्रिकूट घ्या, रॅमच्या ओळी किती पटापट उघडायच्या ते हे ठरवतं. ते 6, 8, 24 च्या आसपास असेल तर 4, 6, 16 करून बघा. टीएफएडब्ल्यू हा टीआरआरडी-एसच्या चौपटीपेक्षा खाली नेऊन काही मिळत नाही. आणि रायझनवर गिअर डाउन मोड (रॅमला हुकूम अर्ध्या गतीनं देणारं सेटिंग) चालू असताना सीएल 15 टाकू नका. बोर्ड तो गुपचूप 16 करतो, आणि आपण समजतो 15 चाललं.

अथणी_दुपार
टीआरएफसी कमी करणाऱ्यांनी उन्हाळा धरून चालावं. चिप तापली की सेलमधला चार्ज लवकर गळतो. डिसेंबरात पहाटे पास झालेलं सेटिंग एप्रिलमध्ये दुपारी तीनला आमच्याकडं एरर देऊ शकतं. इंटेल बोर्डावर टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) 65535 करणाऱ्यांना हे जास्त लागू. तिथं 7.8 ऐवजी जवळपास 41 मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश होतो, पाचपट उशिरा. नवशिक्यानं त्या आकड्याला हात लावूच नये.

खानापूर_पाऊस
टायमिंग बदलताना लाईट गेली तर बोर्ड मरतो का? आमच्याकडं पावसाळ्यात भरवसा नसतो.

उद्यमबाग_बेंच
@खानापूर_पाऊस नाही. बायोस अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, टायमिंग सेव्ह करताना नाही. फार तर जुनं सेटिंग परत येईल.

@शहापूर_डीटीपी तुमची भीती खरी आहे. म्हणूनच पहिली चाचणी विंडोजमध्ये करायचीच नाही. पद्धत अशी ठेवा. एक्सएमपीचे सगळे आकडे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घ्या आणि एसएसडीची केबल, नाहीतर बोर्डावर बसणारी असेल तर एसएसडीच, काढून ठेवा, म्हणजे बिघडलेला बिट डिस्कवर जायला वाटच उरत नाही. मग टीआरएफसी 560, 520, 480, 448 असा उतरत जा. एका वेळी एकच आकडा बदला, दोन बदलले तर दोष कुणाचा ते कळत नाही. प्रत्येक पायरीला एक पास (चाचणीची पूर्ण फेरी), शेवटच्या आकड्यावर चारही पास. एक जरी एरर आला तरी दोन पायऱ्या मागं या. एक पायरी मागं म्हणजे काठावर उभं राहणं.

सगळ्याच चिपा 416 पर्यंत येत नाहीत. मायक्रॉनच्या बऱ्याच चिपा 480 च्या आसपासच अडतात. तिथं हट्ट नको.

सेव्ह केल्यावर स्क्रीन काळा राहून मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झालं तर पॉवर बटण दाबत बसू नका. ते रॅमचं ट्रेनिंग असतं. पाच मिनिटं वाट बघा. तरी चित्र आलं नाही तर वायर काढा, बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसचं सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दहा सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर2032 सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवा.

शहापूर_डीटीपी
केबल काढून ठेवायचा मुद्दा मान्य. पण मेमटेस्ट चालताना ग्राफिक्स थंड असतं, कॅबिनेटमधली हवाही थंड. कामाच्या वेळी तसं नसतं. म्हणून विंडोजमध्ये टेस्टमेम5 या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची तीन आवर्तनं, सोबत एखादा जड गेम, आणि तेही दुपारी. ते पास झाल्यावर पोरानं घरच्या मशीनवर ठेवलं तर माझी हरकत नाही.

बिलाच्या आणि छपाईच्या मशीनवर मात्र एक्सएमपीसुद्धा चार पास झाल्याशिवाय चालू ठेवू नका. त्यातलेही टायमिंग मानकापेक्षा टाइटच असतात, बहुधा 1.2 ऐवजी 1.35 व्होल्ट देऊन चालवलेले. दोन वर्षांच्या अंतरानं घेतलेल्या दोन स्टिका असतील तर आधी तोच तपास करा. वेष्टनावर मॉडेल नंबर एकच असला तरी आतली चिप वेगळी निघू शकते.