मदत हवी आहे: डिस्चार्जचा आकडा सुधारला, पण नातेवाईक तेवढेच चिडतात

वॉर्डवाली

नमस्कार मंडळी,

मी जिल्ह्याच्या गावातल्या एका ६० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात सिस्टर आहे. चौदा वर्षं वॉर्ड केला, गेल्या दिवाळीपासून ‘क्वालिटी’चा चार्ज गळ्यात पडलाय. आमच्याकडे एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) एन्ट्री लेव्हल, म्हणजे पहिली पायरी, आहे. म्हणजे फायली आहेत, एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धती लिहिलेले कागद) आहेत, प्रत्येक बेसिनवर हात धुण्याचं पोस्टर आहे. ऑडिटच्या आठवड्यात आम्ही सगळे फार शहाण्यासारखे वागतो. मग फायली परत कपाटात.

मला मात्र एक तरी गोष्ट खरोखर सुधारायची होती, म्हणून डिस्चार्जला लागणारा वेळ हाती घेतला. डॉक्टर नऊच्या राउंडला म्हणतात, “आजोबा, आज घरी.” आजोबा दहा वाजता धोतर-टोपी घालून, पिशव्या बांधून पलंगाच्या कडेला बसतात. किचनच्या लेखी पेशंट गेलेला, त्यामुळे जेवण येत नाही. बाहेर पडेपर्यंत चार. मग गावाची एसटी गेलेली असते आणि सगळा राग काउंटरवरच्या पोरीवर निघतो.

एक शाळेची दोनशेपानी वही घेतली आणि चार रकाने आखले: सांगितलं कधी, समरी (घरी जाताना द्यायचा आजार-उपचारांचा कागद) तयार कधी, बिल कधी, पेशंट गेला कधी. मला वाटलं होतं घोळ बिलिंगचा निघेल. निघाला दोन ठिकाणी. एक, आरएमओ (हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर) समरी लिहायला बसतात ते ओपीडी आटोपल्यावर. दुसरा, उरलेल्या औषधांचं रिटर्न. मावशी तीन-चार पेशंटांची औषधं जमेपर्यंत थांबतात आणि एकदमच फार्मसीत नेतात. रिटर्न लागल्याशिवाय बिल बंद होत नाही.

ज्यांचं उद्या घरी जायचं नक्की आहे त्यांची समरी आदल्या संध्याकाळी लिहायची, असं ठरवलं. सरांना कल्पना आवडली. इतकी आवडली की त्यांनी सांगितल्यापासून पेशंट जाईपर्यंत ‘दोन तास’ असं टार्गेट दिलं आणि पॅसेजमध्ये बोर्ड लावला. वॉर्डवार सरासरी, हिरवा खडू, लाल खडू. तिसऱ्या आठवड्यात पाच तासांचे अडीच झाले. पेढेसुद्धा वाटले.

पण काउंटरवरची भांडणं आहेत तेवढीच आहेत. आकडा चांगला, माणसं चिडलेली. माझं कुठे चुकतंय? आणि हे किती दिवस मोजत राहायचं? वॉर्डातल्या सिस्टर माझी वही दिसली की बोलायच्या थांबतात, ते वेगळंच.

निवृत्त_पिंपरीकर

ताई, आधी सरासरी सोडा. एखाद्या दिवशी एक पेशंट रात्री आठला गेला की सगळी सरासरी बिघडते. रोजचा मध्यक (वेळा क्रमाने लावल्या की मधोमध येते ती) काढा आणि आलेख कागदावर तारखेनुसार ठिपके देत जा. पहिल्या वीसेक ठिपक्यांच्या मधून एक आडवी रेघ मारा. नंतरचे सलग सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी खरं बदललंय असं समजा. एखादा ठिपका वर गेला म्हणून मीटिंग बोलवू नका, खाली आला म्हणून पेढेही वाटू नका.

मी ३१ वर्षं शॉपफ्लोअरवर काढली. क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांनीच गट करून आपल्या कामातल्या अडचणी सोडवायच्या, हे भारतात १९८० मध्ये भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात सुरू झालं, पुढे आमच्याकडेही आलं. चाललं तेव्हा फार छान चाललं, कारण मशीनवरचा माणूस स्वतःच अडचण मांडायचा. साहेबांनी ‘महिन्याला प्रत्येकी दोन सूचना’ असा कोटा लावला आणि लोक ‘खुर्ची डावीकडे सरकवावी’ असल्या सूचना टाकायला लागले. जपानला १९५० मध्ये ज्यांनी हे शिकवलं त्या डेमिंगसाहेबांच्या १४ मुद्द्यांत ‘भीती घालवा’ हा एक स्वतंत्र मुद्दा आहे. तुमचा लाल खडू बघितल्यावर तोच आठवला.

एक विचारतो. ‘सांगितलं कधी’ ही वेळ कोण लिहितं?

टीपीए_डेस्क

कॅशलेस (ज्यांचं बिल विमा कंपनी थेट भरते) आणि रोख पेशंट एकाच रकान्यात घातलेत का? वेगळे करा. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरचं सरकारी नियामक) मे २०२४ च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलची डिस्चार्जची विनंती पोचल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. पण ते तीन तास तुम्ही बिल पाठवल्यावर सुरू होतात! बिल दीडला गेलं तर मंजुरी साडेचारला आली तरी ती नियमात बसते. कंपनीला शिव्या घालण्याआधी आपलं बिल किती वाजता जातं ते बघा. (शिव्या नंतर घाला, मीही घालतो.)

कुंपणावरचा_डॉक्टर

फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नाही, एवढंच सांगायला आलो. डब्ल्यूएचओची शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आठवा. २००९ मध्ये आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला, दिल्लीही त्यात होती. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती सगळीकडे लागू केली आणि २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचे आकडे आले तेव्हा म्हणावा असा फरकच दिसला नाही. यादी तीच होती. ती मोठ्याने वाचून टीमशी बोलायचं की नुसत्या खुणा करायच्या, यावर बरंच अवलंबून असतं असं माझं मत. आमच्या ऑपरेशन थिएटरात तर पेशंट बाहेर गेल्यावर खुणा झालेल्या मी पाहिल्यात.

आणि हो, लवकर सोडण्याच्या नादात औषधं समजावणं राहत नाही ना, तेही मोजा. “ही गोळी जेवणाआधी का नंतर” असे फोन किती येतात, तेवढं लिहून ठेवलं तरी पुरे.

वॉर्डवाली

सगळ्यांचे आभार. पिंपरीकर काका, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप नाही लागली. ‘सांगितलं कधी’ ही वेळ वॉर्डच लिहितो.

सकाळी सिक्युरिटीकडून गेटपासचं पुस्तक मागून आणलं. कार्बनवाली प्रत असते, तिच्यावर बाहेर पडल्याची वेळ असते आणि वॉर्डातलं कोणी त्याला हात लावत नाही. बोर्ड लागण्याआधीच्या आठवड्यात ३१ पैकी ३ पेशंट दुपारी एकच्या आत गेले होते. पेढ्यांच्या आठवड्यात २९ पैकी ४. म्हणजे काहीच हललेलं नाही! आता समरी तयार झाली की मगच ‘सांगितलं’ची वेळ पडते. नऊला सांगितलेलं वहीत साडेअकराला.

रागच आला होता. मग जुन्या सिस्टरांशी चहा घेताना बोलले. त्या म्हणाल्या, “लाल खडूत आमच्या वॉर्डाचं नाव आलं की सर सगळ्यांसमोर विचारतात. तूच सांग, काय करायचं?” मी वॉर्डात असते तर मीही तेच केलं असतं.

मावशींनाही विचारलं, औषधं साठवता का म्हणून. फार्मसीत रिटर्नला वेगळी खिडकी नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि एकेका पेशंटचं नेलं की काउंटरवरचा खेकसतो, “सारखं काय येता?” आठ महिने मी क्वालिटी बघतेय आणि हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

आता सरांना बोर्ड काढायला कसं सांगू? त्यांना तो फार प्रिय आहे.

निवृत्त_पिंपरीकर

बोर्डाबद्दल अवाक्षर काढू नका. गेटपासचं पुस्तक घेऊन जा आणि ते दोन आठवडे शेजारी शेजारी दाखवा. नावं कोणाचीच घेऊ नका. विचारलंच तर म्हणा, मोजायची पद्धत माझी चुकली. मग ‘एकच्या आत किती गेले’ एवढाच एक आकडा ठेवू या म्हणा, वॉर्डवार नको, अख्ख्या हॉस्पिटलचा. आणि रिटर्नचा प्रयोग सगळीकडे एकदम करू नका. एक वॉर्ड, एक दिवस.

वॉर्डवाली

सरांची वेळ शनिवारी मिळालीय. फार्मसीवाल्याला पटवलं: उद्या फक्त फीमेल वॉर्ड, अकरा वाजता तोच वर येऊन रिटर्न घेणार, मावशी खाली जाणार नाहीत. उद्या तीन डिस्चार्ज आहेत, त्यातल्या एक आजी कॅशलेस. गेटपासच्या वेळा रात्री इथे टाकते.