हँडब्रेक गोठला, मागची चाकं जाम. उतारावर गाडी उभी करायची कशी?

सिन्नरकर_स्वाती

नमस्कार मंडळी. सिन्नरहून कॅनडात कॅल्गरीला आल्यानंतरचा हा माझा पहिलाच हिवाळा. गाडी जुनी हॅचबॅक आहे. ऑटोमॅटिक, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, मागे ड्रम ब्रेक आणि दोन सीटच्या मध्ये हाताने ओढायचा हँडब्रेक.

काल दुपारी चिनूक, म्हणजे रॉकी पर्वतावरून येणारा गरम वारा, सुटला आणि पारा अधिक ८ वर गेला. रस्ताभर बर्फाचा नुसता चिखल. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाडी पांढरी झाली होती म्हणून संध्याकाळी धुऊन आणली आणि घरासमोरच्या उतारावर हँडब्रेक ओढून लावली. रात्री उणे १४ झालं.

सकाळी दांडा सहज खाली गेला, लाल दिवा विझला. डीमध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकली तर गाडी जागची हलेना. थोडं ॲक्सिलरेटर दाबल्यावर सरकली, पण उतरून बघते तर मागे बर्फावर दोन गुळगुळीत पट्टे, टायरच्या नक्षीचा मागमूस नाही. म्हणजे मागची चाकं न फिरता फरफटत आली होती. गाडी तिथेच ठेवून बसने ऑफिसला आले.

ती सोडवायची कशी? शेजारचे म्हणतात उकळतं पाणी ओत. आणि यापुढे हँडब्रेक लावायचा नाही, तर उतारावर गाडी ठेवायची कशाच्या भरवशावर? खाली कोपऱ्यावर शाळेची बस थांबते, मुलं उभी असतात. नुसत्या पीवर (पार्किंगच्या गिअरवर) सोडून जायला माझा जीव धजत नाही.

एडमंटनचे_काका

स्वातीताई, उकळतं पाणी अजिबात ओतू नका. उणे १४ मध्ये ते बघता बघता गोठतं आणि जिथे बर्फ नव्हता तिथेही जाऊन बसतं. शिवाय थंडगार बिडाच्या ड्रमवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यावर, एकदम उकळतं पाणी म्हणजे तडा जायचा धोका.

दिवा विझला त्यावर जाऊ नका. त्याचं बटण दांड्यापाशी असतं, चाकात काय चाललंय ते त्याला कळत नाही. गोठायच्या जागा दोन. एक, केबल ज्या नळीतून जाते ती नळी. तिच्या टोकाचं रबर फाटलं की पाणी आत शिरतं. दुसरी, ड्रम आणि लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) यांच्यामधली फट. दांडा परत ओढून बघा. हाताला काहीच ताण लागला नाही तर बहुधा केबल अडकली आहे. नेहमीसारखा ताण लागला तर लायनर ड्रमला चिकटलेत. गाडी धुऊन आणलीत म्हणता, त्यामुळे मला लायनरचीच शंका जास्त येते.

सोडवण्याआधी उताराच्या बाजूने पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावा, थोडं अंतर ठेवून. चाक अचानक सुटलं की गाडी चालू लागते. मग पाय ब्रेकच्या अगदी जवळ ठेवून आर, डी, आर, डी असं हलकेच मागेपुढे करा. बर्फ तुटला की मागून ‘टक्’ असा आवाज येतो. नाहीच सुटली तर इंजिन बंद करा, पीमध्ये टाका, एक्स्टेन्शन वायर घेऊन ड्रमच्या मागच्या बाजूला हेअर ड्रायर धरा आणि रबरी हातोडीने ड्रमवर हलके ठोके द्या. जोर मात्र लावू नका. लायनर शूला, म्हणजे त्यांच्या मागच्या धातूच्या पट्टीला, बहुधा नुसते चिकटवलेले असतात, ओढाताणीत सोलून निघतात. मग तो तुकडा आत अडकून चाक पक्कंच जाम होतं.

सुटल्यावर एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा, थांबा आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या. हात लावू नका. एकाच बाजूला धग लागत असेल तर तिथला ब्रेक अजून घासतोय. तशी गाडी हायवेवर नेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. इथे येणारा प्रत्येक जण उणे ३० ला घाबरतो. त्या थंडीत बर्फ मैद्यासारखा कोरडा असतो, नुसता उडून जातो, ब्रेक ओले करत नाही. हँडब्रेक गोठतो तो ओलीने. दुपारी वितळतं आणि रात्री गोठतं, ते दिवस वाईट, आणि तुमच्या कॅल्गरीत चिनूकमुळे असे दिवस हिवाळाभर येत राहतात. इमारतीखालच्या गरम पार्किंगचंही तेच. तिथे चाकांवरचा बर्फ वितळतो, ओली गाडी तुम्ही बाहेर आणता आणि ऑफिससमोर हँडब्रेक ओढता. म्हणून रात्रीच्या तापमानापेक्षा चाकं ओली आहेत का ते बघा. ओली असतील तर हँडब्रेक नको. घर यायच्या आधीचे दोन-तीन चौक पायाचा ब्रेक हलका दाबत आलात तर बरंच पाणी उडून जातं. कोरड्या दिवशी हँडब्रेक जरूर वापरा, नाहीतर केबल नळीत गंजून बसते.

उताराबद्दलची तुमची भीती रास्त आहे. पी म्हणजे गिअरबॉक्समध्ये अडकणारा एक छोटा आकडा (हूक). तो पुढची चाकं थेट न धरता डिफरेन्शियलमधून, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमधून, धरतो. एक चाक कोरड्यावर आणि दुसरं बर्फावर असेल तर बर्फावरचं उलटं फिरतं आणि गाडी सरकते. तेव्हा रस्त्यावर लावताना पुढची चाकं फुटपाथच्या कडेला टेकवा. तोंड खाली असेल तर चाकं कडेकडे वळवा, वर असेल तर कडेपासून उलट. टायर कडेला टेकलं, मग पी, मग ब्रेकवरून पाय. या क्रमाने भार आकड्यावर न येता कडेवर जातो. घरासमोर कड नसेल तर मागच्या दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने रबरी ठोकळे. मुलं उभी असतात म्हणता, तर ठोकळ्यांचा कंटाळा एक दिवसही करू नका.

विनिपेगचा_ट्रकवाला

काकांचं सगळं पटलं. ट्रकची तऱ्हा वेगळी. तिथे पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. टाकीत ओल राहिली की ती लाइनमध्ये गोठते, म्हणून हवेच्या टाक्या रोज ड्रेन करायच्याच. चिखलबर्फातून आल्यावर सपाट यार्डात आम्ही ट्रेलरचे ब्रेक लगेच लावत नाही, आधी गार होऊ देतो. गरम ड्रमला बर्फ लागला की तो वितळतो आणि तिथेच गोठतो. तुमच्या ड्रम ब्रेकलाही हेच लागू.

सुभेदार_निवृत्त

लेहला होतो तेव्हा हिवाळ्यात रात्री गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकाखाली दगड, हीच पद्धत. हल्ली अटल बोगद्यातून आपले लोक थंडीत हिमाचलातल्या सिस्सूला गाड्या घेऊन मुक्कामाला जातात. दिवसा पाण्यातून गाडी जाते, रात्री हँडब्रेक ओढतात, सकाळी अडकतात. त्यांनीही हे वाचावं. निघताना दगड उचलून बाजूला टाकायचा. रस्त्यात सोडला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवाशी खेळ.

सिन्नरकर_स्वाती

सुटली! लायनरच चिकटले होते. ठोकळे लावून मागेपुढे केली, उजवीकडून आधी ‘टक्’ आलं, डावीकडे ड्रायर धरावा लागला. आता दोन्हीकडे धग सारखीच. एकच विचारायचं राहिलं. नवऱ्याच्या गाडीला बटणाचा इलेक्ट्रिक ब्रेक आहे आणि गाडी बंद केली की तो आपोआप लागतो. त्याचं काय करायचं?

एडमंटनचे_काका

छान झालं. बटणाचा ब्रेकही ओलीने चिकटू शकतो. मोटर कॅलिपर (ब्रेकची पकड) सोडते, पण त्यातले पॅड चाकाच्या डिस्कला गोठले असतील तर तेही असेच तोडावे लागतात. आपोआप लागणं बंद करायची सोय बऱ्याच गाड्यांत असते आणि ती गाडीगणिक वेगळी, म्हणून मॅन्युअलमध्ये थंडीतल्या पार्किंगचं पान काढा. काही गाड्यांत ते दर वेळी नव्याने बंद करावं लागतं, तेव्हा उतरण्याआधी डॅशबोर्डवरचा दिवा बघायला सांगा. ब्रेक लागला नसेल तर त्यांच्या गाडीलाही ठोकळे हवेत. आणि तुमची गाडी येत्या सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा मेकॅनिकला केबलच्या टोकाची रबरं तपासायला सांगा. या वेळी लायनर होते, पण जुन्या गाडीत ती रबरं फाटलेली असण्याची शक्यता बरीच.