मदत हवी आहे: अ‍ॅनलॉग सिंथ आत्ता घेऊ की जानेवारीपर्यंत थांबू?

खाडीपलीकडचा
मंडळी, झटपट सांगा. अ‍ॅनलॉग सिंथ (सर्किटमधून विजेने आवाज घडवणारा सिंथेसायझर) घ्यायचाय. यूट्यूबवर रोज नवी बातमी: अमका पॉलिफोनिक (एकदम अनेक सूर वाजवणारा) काढतोय, तमक्याचा क्लोन (जुन्याची नक्कल) येतोय, जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात दिसेल, नाहीतर मेमध्ये बर्लिनच्या सुपरबूथ प्रदर्शनात. दुसरीकडे म्हणतात बाजार तुंबलाय, भाव अजून पडणार. आत्ता घेतला आणि तीन महिन्यांत निम्म्या पैशांत बरा मिळाला तर बाबा मला खाडीत ढकलतील. रविवारपर्यंत ठरवायचंय.

नॉबपिळ्या
कुठला घेतोयस? बजेट किती? वाजवायचं काय? आणि रविवारीच का? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला प्रकार आहे हा.

खाडीपलीकडचा
सिंथ हो. जाड आवाजाचा. बजेट नेहमीचंच.

नॉबपिळ्या
नेहमीचं म्हणजे कुणाचं रे? माझ्या नेहमीच्यात वडापाव बसतो.

लॅपटॉपवाली
हार्डवेअर हवंच कशाला? लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, मिडी कीबोर्ड. जुन्या मिनीमूग सिंथचा आवाज देणारी चांगली सॉफ्टवेअर मिळतात, डोळे मिटून ऐकलं तर फरक सांगता येणार नाही.

नॉबपिळ्या
ताई, मांडवात लॅपटॉप हँग झाला की डोळे आपोआप उघडतात.

लॅपटॉपवाली
चार वर्षांत एकदाही झालेला नाही. तुमचे नॉब किती वेळा खरखरले ते सांगा आधी.

सर्किट_काका
भांडा नंतर. बाजाराचं बोलतो. कॉर्ग कंपनीने २०१३ मध्ये एमएस-२० मिनी आणि व्होल्का हे छोटे सिंथ काढले, २०१६ मध्ये चार आवाजांचा (एकदम चार सूर वाजवणारा) मिनीलॉग ५०० डॉलरच्या आसपास दिला, तिथून धरण फुटलं. जुन्या सिंथमधल्या कर्टिस चिप पुन्हा बनायला लागल्या, बेरिंजरने मिनीमूगपासून टीबी-३०३ या बेस सिंथपर्यंत सगळ्यांची नक्कल बाजारात आणली. प्रॉफेट-५ हा जुना सिंथ तर २०२० मध्ये मूळ कंपनी सिक्वेन्शियलनेच परत काढला. बाजार तुंबलाय, आता क्लोन करण्यासारखं राहिलंय काय? सिक्वेन्शियल कंपनी २०२१ मध्ये फोकसराइटने विकत घेतली, मूग कंपनी २०२३ मध्ये इनम्युझिकने. माझा अंदाज, पुढचे बरेचसे सिंथ संकरित असतील: आवाज तयार करणारा ऑसिलेटर डिजिटल, तो गाळणारा फिल्टर अ‍ॅनलॉग. आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक २०१९ पासून तसाच आहे. शुद्ध अ‍ॅनलॉग स्वस्तात हवा तर सेकंडहँड बघ, तिथेच सगळा माल पडलाय.

टेपवाला
काका, "अ‍ॅनलॉग संपलं" हे १९८३ पासून ऐकतोय. यामाहाचा डिजिटल सिंथ डीएक्स७ आला आणि लोकांनी मूगचे सिंथ कवडीमोलाने काढून टाकले. पुढे तेच शोधत फिरले. १९८२ मध्ये मुंबईतल्या एका सिनेवादकाने ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ड्रममशीन घेऊन राग वाजवले होते, तेव्हा कुणी विचारलं नाही. आज जगभर ऐकतात.

सर्किट_काका
संपलं असं मी म्हटलंच नाही. तुंबलं म्हटलं. दोन्हींत फरक आहे.

पेटीमास्तर
कुठलीही वस्तू घेताना भाता तपासावा. पावसाळ्यात पेटीच्या सुरांना (आतल्या पितळी पात्यांना) हिरवट बुरशी चढते, कापडाने पुसू नये, मऊ ब्रशने झटकावी. कपाटात कापूर ठेवावा.

नॉबपिळ्या
मास्तर, सिंथला भाता नसतो.

पेटीमास्तर
म्हणूनच सांगतोय.

खाडीपलीकडचा
विषय भरकटला. बरं, सांगतो. बजेट ३५ हजार. ठाण्यात एकाकडे वापरलेला मिनीलॉग आहे, ३० मागतोय, रविवारपर्यंत धरून ठेवतो म्हणाला. पाच हजार आगाऊ दिलेत. आणि कार्तिकी झाली की जत्रा सुरू होतील, आमच्या भजनाच्या डबलबाऱ्या (दोन बुवांचे सामने) लागतील, तिथे वाजवायचाय.

नॉबपिळ्या
अरे देवा! जत्रा डिसेंबरात आणि तू जानेवारीच्या शोची वाट बघतोयस? त्यात तिथे जाहीर झालं म्हणजे दुकानात आलं असं नसतं. आपल्याकडे पोचेपर्यंत पुढचा शिमगा. हे पहिल्याच ओळीत का नाही लिहिलंस?

खाडीपलीकडचा
विषय सिंथचा होता म्हणून.

मालवणी_बाळ्या
मेल्या, डबलबारीक सिंथ? बुवा काय म्हणतलो? माका ह्यातला काय कळणा नाय, पण आमच्या दशावतारातल्या पायपेटीक लाइट लागणा नाय. लाइट गेली तरी नाटक थांबणा नाय.

खाडीपलीकडचा
बुवांनीच सांगितलंय. पखवाजाखाली एक जाड खर्ज हवाय, भुईतून आल्यासारखा.

टेपवाला
मग पॉलिफोनिकची गरजच काय? खर्ज एका सुराचा. कॉर्गचाच एका सुराचा मोनोलॉग घे, स्वस्त पडेल, वर मायक्रोट्यूनिंग आहे. गंधार हवा तिथे बसवता येतो, मिनीलॉगमध्ये ती सोय नाही.

सर्किट_काका
बुवांची जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराला असेलच असं नाही, ते आधी मोबाइलवरच्या ट्यूनरने बघ. सिंथचं मास्टर ट्यून दोन्ही बाजूंना ५० सेंटपर्यंत (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं निम्मं अंतर) सरकवता येतं, बहुतेक वेळा भागतं. बुवांची पट्टी चढी असेल तर ट्रान्सपोज कर (सगळे सूर एकसारखे सरकव). आणि व्हीसीओ (अ‍ॅनलॉग ऑसिलेटर) तापमानाबरोबर हलतात. मांडवात पोचल्यावर लगेच वाजवायला बसू नकोस, पंधरा-वीस मिनिटं चालू ठेव. पेटीशी सूर त्यानंतरच जुळव.

लॅपटॉपवाली
सॉफ्टवेअर हलत नाही. नुसतं सांगून ठेवते.

नॉबपिळ्या
आगाऊ दिलेत तर मिनीलॉगच घे, उद्या सुरावटही धरता येईल. उघडल्यावर चारही आवाज तपास: एकच पट्टी चार वेळा दाब, एखादा बेसूर किंवा गायब असेल तर लगेच कळतं. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरव. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत सॉकेट गंजतात, म्हणून केबल घालून हलवून बघ. जत्रेत जनरेटर असतो, अर्थिंगचा भरवसा नाही, मिक्सरकडे जाताना डीआय बॉक्स (तारेतली गुणगुण तोडणारी डबी) लाव, नाहीतर खर्जाच्या आधी गुणगुण ऐकू येईल.

पेटीमास्तर
खर्ज भरायचाच असेल तर आमच्याकडे तीन सुरांची पेटी विकाऊ आहे. खर्ज-नर-नर, म्हणजे एक रांग खालच्या सुरांची, दोन मधल्या. भाता नवा.

खाडीपलीकडचा
(सोमवारी) घेतला! चारही आवाज ठणठणीत. कोकणकन्येत रात्रभर मांडीवर घेऊन बसलो, समोरचे आजोबा विचारत होते, मिक्सर कितीला पडला. फक्त त्या माणसाने अ‍ॅडाप्टर दिलाच नाही, फोनही उचलत नाही. तिथे त्याच्या अ‍ॅडाप्टरवरच तपासला होता. माझ्याकडे गिटारच्या पेडलचा ९ व्होल्टचा पडलाय. पिन बसतेय. लावू ना?

सर्किट_काका
लावू नकोस. पेडलच्या अ‍ॅडाप्टरला सहसा मधली पिन निगेटिव्ह असते, कॉर्गला मधली पॉझिटिव्ह लागते. शिवाय याला १.७ अँपिअर हवा, पेडलवाले बरेचदा अर्ध्या अँपिअरचेही नसतात. अ‍ॅडाप्टरवर काय छापलंय त्याचा फोटो टाक, सिंथच्या मागचाही.

नॉबपिळ्या
लावलास का?? बोल की रे.

खाडीपलीकडचा
नाही लावला. फोटो टाकतो, थांबा. लाइट गेलीय.

मालवणी_बाळ्या
सांगलंय नव्हे.