नवऱ्याचं क्रेडिट कार्डचं देणं फेडायला माझी एफडी मोडू का? तुम्ही घरखर्च कसा वाटून घेता?

गोदाकाठची
लग्नाला दोन वर्षं झाली, नाशिकमध्ये भाड्याच्या घरात दोघंच राहतो. ह्यांना हातात 52,000 मिळतात, मला 34,000. भाडं 13,000 आणि लाईटबिल ते भरतात. किराणा, दूध, भाजी, गॅस, कामवाल्या मावशी माझ्याकडे. असं कुणी ठरवलं नव्हतं, ज्याच्या हाताशी जे आलं ते तो भरत गेला. महिनाअखेर माझ्याकडे काही उरत नाही, पण त्यांच्याकडेही का उरत नाही हे कळत नव्हतं. गेल्या आठवड्यात कळलं. कार्डावर 1,40,000 थकलेत. लग्नातला खर्च, मग फ्रीज, मग सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दर महिन्याला नुसता मिनिमम भरत होते. शिवाय दिरांच्या टेम्पोच्या कर्जाला हे जामीन आहेत.

लग्नाआधी साठवलेली माझी 2 लाखांची एफडी आहे. आई म्हणते हात लावू नकोस. ह्यांनी स्वतः मागितलेली नाही. दोन वर्षं मला सांगितलं नाही, याचं कर्जापेक्षा जास्त लागलंय.

काउंटर_नं_3
मी बँकेत आहे. ताई, आधी कार्डाचा आकडा मांडून बघा. बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असतं. 1,40,000 वर ते 4,900 झालं, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून सुमारे 5,780. मिनिमम म्हणून 7,000 भरले तरी मुद्दल जेमतेम 1,200 ने कमी होतं. आणि जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दुधाची पिशवी कार्डावर घेतली तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू. म्हणून कार्ड आजपासून बंद ठेवा.

एफडी मोडायची गरज नाही. ती तारण ठेवून बँक साधारण 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देते, व्याज एफडीच्या दराहून एखाद-दोन टक्के जास्त. साडेआठ टक्के धरले तर 1,40,000 वर महिन्याला हजाराच्या आत बसतं. ह्यांनी दरमहा 12,000 भरले तर तेराव्या महिन्यात संपेल आणि एफडी जागेवर राहील. कर्ज मात्र तुमच्या नावावर असेल, म्हणून हप्ता त्यांच्या पगाराच्या खात्यातून आपोआप वळता होईल अशी सूचना बँकेत देऊन ठेवा.

पंचगंगा_काकू
आईचं म्हणणं तोडू नकोस गं, पण त्यातलं नेमकं काय घ्यायचं ते बघ. तिला भीती आहे की पैसे गेले तर तुझ्या हातात काहीच उरणार नाही. बँकेतल्या भावाने सांगितलेल्या वाटेने एफडी टिकते. आमच्याकडे ह्यांच्या दुकानासाठी माझ्या पाटल्या गहाण पडल्या आणि सुटायला अकरा वर्षं लागली, कारण कधी सोडवायच्या हे कुणी बोललंच नव्हतं. तू तारीख आणि रक्कम वहीत लिहून दोघांच्या सह्या घे. नवरा-बायकोत कसली लिखापढी, असं तो म्हणेल. तरी घे.

न सांगितल्याचं दुःख त्याला स्पष्ट बोलून दाखव. वडिलांच्या ऑपरेशनचा खर्च झाकायला लागला म्हणजे त्याला घरात कमीपणा वाटत असणार. ते तुला कळलंय हेही त्याला सांग.

सातपूर_आयटीआय
मला जास्त काळजी टेम्पोची वाटते. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दिरांचे हप्ते थकले तर बँक थेट तुमच्या दारी येऊ शकते. ह्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. थकबाकी असेल तर त्यात दिसेल. पुढे घरकर्ज घ्यायचं म्हणाल तर बँक हेही बघते.

खर्चाबद्दल: आम्ही निम्मं-निम्मं केलं होतं आणि बायकोची ओढाताण व्हायची, तिचा पगार कमी. आता पगाराच्या प्रमाणात टाकतो. तुमच्यात ते साधारण 60-40 होतं. घरखर्च 40,000 धरला तर ह्यांचे 24,000, तुमचे 16,000. एका जॉइंट खात्यात पगाराच्या दुसऱ्याच दिवशी टाकायचे आणि भाडं, किराणा, गॅस सगळं तिथूनच. उरलेला पगार ज्याचा त्याचा. आम्ही महिन्यातून एका रविवारी पासबुक आणि यूपीआयचे मेसेज घेऊन बसतो. पहिले तीन महिने भांडणं झाली, खोटं कशाला बोलू.

गोदाकाठची
काल रात्री बोललो. ते रडले, मीही. एकूण रक्कम त्यांनी स्वतःही कधी मांडली नव्हती. कार्ड कपाटात ठेवलंय, एफडीवर कर्ज घेऊ, वही काकूंनी सांगितली तशी करतेय. रिपोर्टमध्ये टेम्पोचे दोन हप्ते उशिरा भरलेले दिसले. दिरांशी हेच बोलणार आहेत. मी सोबत बसावं की नको?

पंचगंगा_काकू
भावाभावांना आधी बोलू दे. पण किती हप्ते राहिलेत तो आकडा घेऊन ये म्हणावं, आणि तो तुझ्याच वहीत लिहायचा.